चौथ्या माणसाची जागा

१

मराठी कथा-कादंबरीने घराला जेवढी जागा दिली तेवढी वाटेला दिलेली नाही. माजघर, परसदार, चाळीतले नळकोंडाळे, वाड्याचा दिंडीदरवाजा ह्या जागा आमच्या लेखकांनी इतक्या बारकाईने रंगविल्या आहेत की, ज्याने उभ्या आयुष्यात वाडा पाहिला नाही अशा मुलालाही तिथला अंधार ओळखीचा वाटावा. पण मुंबईचा नोकरदार माणूस दिवसातले जे दोन-तीन तास आगगाडीत किंवा बसमध्ये काढतो, त्या तासांचे काय? कादंबरीत ते एका वाक्यात संपतात. नायक आठ-सत्तावीसची लोकल पकडतो आणि पुढच्याच ओळीत कचेरीतल्या खुर्चीवर बसलेला असतो. मधले पंचवीस-तीस मैल लेखकाने गिळून टाकलेले असतात.

साधा हिशोब करून पाहावा. दिवसाचे अडीच तास, वर्षाचे पावणेतीनशे दिवस आणि नोकरीची तीस वर्षे. अहोरात्र मोजले तर सव्वादोन वर्षांहून अधिक काळ माणूस केवळ गाडीत असतो. एवढ्या अवधीत कॉलेजातली पदवी बरीचशी पदरात पडावी. मॅट्रिकवर थांबलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हा हिशोब जरा जास्तच टोचतो. ह्या सव्वादोन वर्षांत माणूस काहीच शिकत नाही, कुणाशी बांधला जात नाही, त्याच्या स्वभावावर कसलाच संस्कार होत नाही, असे आपण खरोखर मानतो काय? मानत नसू, तर आपल्या साहित्यात त्याचा पडताळा का मिळत नाही?

ही गाडी काही काल-परवाची नव्हे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. १४ डबे आणि सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची पहिली लोकल धावली आणि १५ जुलै १९२६ रोजी पहिली बस. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. डिझेलवरच्या जुन्या दुमजली बसने १५ सप्टेंबर २०२३ रोजी निरोप घेतला. दोन्ही प्रसंगी लोक निरोपाला रस्त्यावर उतरले. नगरपालिकेची एक गाडी भंगारात जाते म्हणून माणसाचे डोळे ओलावत असतील, तर ती गाडी त्याला केवळ वाहन वाटत नव्हती हे उघड आहे. लोकांनी निरोप तरी मनापासून दिला. साहित्याने स्वागतही धड केले नव्हते.

२

साहित्यात गाडी मुळीच आली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आली, पण ती कशी आली हे पाहण्याजोगे आहे.

मर्ढेकरांच्या कवितेत लोकल आली आणि तिच्याबरोबर मुंगीएवढा झालेला माणूस आला. १९४७ च्या ‘काही कविता’पासून यंत्र आणि माणूस ह्यांचा जो सामना त्यांनी मांडला, त्याने मराठी कवितेचे डोळे उघडले हे निर्विवाद. महायुद्धाच्या सावलीत वाढलेल्या त्या संवेदनेला माणसांचा लोंढा वारुळासारखा दिसावा, हे स्वाभाविकच होते. पण थोर कवीची दृष्टी मागून येणाऱ्यांच्या हाती पडली की तिचा चष्मा होतो. पुढे पन्नास-साठ वर्षे गर्दी म्हणजे मुंग्या, गर्दी म्हणजे मेंढरे, गर्दी म्हणजे हरवलेला चेहरा, हे समीकरण आम्ही घोटत राहिलो. वारूळ दुरून पाहिले तर सगळ्या मुंग्या सारख्याच दिसतात. पण डब्यात शिरलेल्या माणसाला शेजारी कधी ‘सारखा’ दिसत नाही. त्याला त्याचे कोपर दिसते, त्याच्या पिशवीतली कोथिंबीर दिसते, त्याने काल दाढी केली नव्हती आणि आज केली आहे हेही दिसते. कवी फलाटावर उभा राहिला, असे म्हटले तर तो उपमर्द मानू नये. फलाटावरून दिसणारे सत्य त्याने अचूक सांगितले. डब्यातले सांगायचे राहिले.

नारायण सुर्वे डब्याच्या जवळ आले. ‘माझे विद्यापीठ’ ह्या १९६६ च्या संग्रहाच्या नावातच सारे काही आहे: रस्ता, गिरणी, वस्ती ही शिकण्याची जागा आहे, ही जाणीव त्यांनी मराठीला दिली. तिथे गर्दी हा अपमान नाही. ती सोबत आहे. परंतु ती सोबत मुख्यतः एका वर्गाची, एका लढ्याची. लोकलच्या डब्यात गिरणीकामगार असतो तसा बँकेतला कारकून असतो, दागिन्यांच्या दुकानातला गुजराती गुमास्ता असतो, भय्या असतो, परिचारिका असते. ह्यांचा लढा एक नाही आणि भाषाही एक नाही. एक आहे ती फक्त गाडी. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर माणसे एकमेकांशी कशी वागतात, हा प्रश्न उरतोच.

पु. ल. देशपांड्यांच्या ‘म्हैस’मध्ये एस.टी. आहे आणि वाटेत म्हैस आडवी आल्यामुळे खोळंबलेली उतारूंची जत्रा आहे. हसून हसून डोळ्यांत पाणी आणणारी ती रचना मला फार मोलाची वाटते. कारण गाडीतली माणसे हाच एखाद्या लेखनाचा संपूर्ण विषय होऊ शकतो, हे तिने सिद्ध केले. तरीही बारकाईने पाहिले तर हसू येते ते नमुन्यांचे. पुढारी पुढाऱ्यासारखा बोलतो, मास्तर मास्तरासारखा. प्रत्येक जण आपापले गाव, आपापला पेशा बरोबर घेऊन चढला आहे. गाडीने त्यांना एकत्र बसविले. बदलले मात्र नाही. रोजच्या गाडीत घडते ते नेमके उलट: तिथे माणसाचा पेशा कुणाला ठाऊक नसतो, पण त्याची वागणूक सर्वांना ठाऊक असते.

चित्रपटांनी ह्या बाबतीत साहित्याच्या एक पाऊल पुढे टाकले. बासू चॅटर्जी ह्यांच्या ‘छोटी सी बात’मध्ये (१९७६) आपला अमोल पालेकर बसच्या रांगेत उभा राहून एका मुलीवर प्रेम करतो. मौजेची गोष्ट अशी की, त्या कथेतला खलपुरुष गुंड नाही, सावकार नाही. तो स्कूटरवाला आहे! रांगेत नायक आणि नायिका समान असतात. स्कूटर येते, मागची बैठक रिकामी असते, आणि रांगेतली समता क्षणात मोडते. नायकही मग धडपडून एक मोटारसायकल विकत घेतो आणि ती मोडकी निघते. खासगी वाहनाने शहरातल्या नात्यांचे काय केले, ह्यावर इतके हसतखेळत केलेले भाष्य मला दुसरे आठवत नाही. त्याच दिग्दर्शकाच्या ‘बातों बातों में’मध्ये (१९७९) वांद्रे ते चर्चगेट ही लोकल आहे आणि प्रेम तिथेच जुळते. पण दोन्हीकडे गर्दी ही दोघांच्या प्रेमाची पार्श्वभूमी आहे. उरलेले उतारू पडद्यासारखे मागे हलत असतात.

आणि निशिकांत कामत ह्यांचा ‘डोंबिवली फास्ट’ (२००५). त्यातला माधव आपटे रोज उठतो, आवरतो, गाडीत लोंबकळतो आणि परत येतो. ह्या घड्याळाचा काटा एक दिवस तुटतो आणि तो एकटाच शहराशी लढायला निघतो. चित्रपट प्रामाणिक आहे, अस्वस्थ करतो. पण त्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे: प्रामाणिक माणूस शहरात एकटाच असतो. इतकी वर्षे रोज त्याच गाडीने जाणाऱ्या आपट्याला डब्यात एकही ओळखीचे माणूस असू नये? डोंबिवलीच्या कोणत्याही उताऱ्याला विचारा; तो म्हणेल, हे काही खरे नव्हे.

३

मग खरे काय आहे? मुंबईच्या लोकलमध्ये दुसऱ्या वर्गाचा बाक तीन माणसांसाठी असतो. त्यावर चौघे बसतात. चौथा कडेला, अर्धा बाकावर आणि अर्धा अधांतरी, एक पाय मधल्या वाटेत रोवून बसतो. ह्या बैठकीला उतारू ‘चौथी सीट’ म्हणतात. रेल्वेच्या कोणत्याही नियमात ती नाही. तिकिटावर तिचा हक्क लिहिलेला नाही. तरीही उभा असलेला माणूस नुसते ‘जरा सरका’ म्हणतो, किंवा तेवढेही न बोलता हाताची खूण करतो, आणि आधीच दाटीवाटीने बसलेली तीन अनोळखी माणसे अंग आक्रसून त्याला चार बोटे जागा देतात. त्याचे आडनाव, त्याची जात, त्याचा पगार कुणी विचारीत नाही. विचारला जातो तो एकच प्रश्न: ‘कुठे उतरणार?’

हा प्रश्नही साधा नव्हे. ‘दादर’ असे उत्तर आले की विचारणाऱ्याची जागा दादरपासून पक्की झाली. तोंडी करार, साक्षीदार सारा डबा. मधेच दुसरा कुणी त्या जागेवर टपला तर करार झालेल्या माणसाच्या बाजूने चार अनोळखी माणसे बोलतात. दाराशी उभ्या असलेल्या माणसाची पिशवी हातोहात फळीवर जाते आणि उतरताना तशीच हातोहात परत येते. मी तर पाहिले आहे की, कल्याणपासून बसून आलेली माणसे अर्ध्या वाटेत, ठाण्याच्या किंवा मुलुंडच्या सुमारास, आपण होऊन उठतात आणि आपल्या कंपूतल्या उभ्या असलेल्यांना बसवितात. कायदा नाही, शिपाई नाही, दंड नाही. आणि तरी पाळला जाणारा नियम. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मी मुलांना जे शिकवितो त्याचे प्रात्यक्षिक दुसरे कुठे दाखवायचे?

ह्याशिवाय गाडीची स्वतःची अशी एक संस्कृती आहे. टाळ आणि ढोलकी घेऊन चढणारी भजनी मंडळे आहेत. मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून रमणारे पत्त्यांचे डाव आहेत. बायकांच्या डब्यात मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, संक्रांतीनंतर हळदीकुंकू होते. कुणाच्या मुलीचे लग्न ठरले की पेढे आधी डब्यात वाटले जातात, मग शेजारी. ५ मे १९९२ पासून तर चर्चगेट-बोरिवली अशी बायकांची अख्खी स्वतंत्र गाडीच धावू लागली. दसरा जवळ आला की आदल्या दिवशी डब्याला तोरण लागते, फुलांच्या माळा चढतात, डब्याची पूजा होते. यंत्राने माणसाला गिळले, असे आम्ही लिहीत होतो; तिकडे माणसांनी यंत्राला हळदकुंकू वाहून घरात घेतले होते.

माझ्या नववीच्या वर्गाला मी एकदा ‘लोकलच्या डब्याचे मनोगत’ हा निबंध दिला. चाळीस वह्यांतला डबा चाळीस तऱ्हांनी रडत होता. लोक माझ्यावर थुंकतात, मला चिरडतात, मी थकलो आहे, मला विश्रांती द्या. सगळे पुस्तकी. पुस्तकांतून त्यांना दुसरे काही मिळालेच नव्हते, मग त्यांचा काय दोष? एका मुलीच्या वहीत मात्र वेगळे होते. तिच्या डब्याने लिहिले होते की, एक बाई सहा महिने रोज खिडकीशी बसून मुकाट्याने रडत असे. तिच्या समोरच्या बायकांनी तिला कधी काही विचारले नाही, पण ती खिडकीची जागा त्या रोज तिच्यासाठी धरून ठेवीत. ती बाई म्हणजे त्या मुलीचीच आई असावी, असे मला वाटते. विचारले नाही, डब्यातल्या बायकांचा शिरस्ता मीही पाळला. भाषा कच्ची होती, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या. तरी मी तो निबंध वर्गात वाचून दाखविला. न विचारता जागा धरून ठेवणे, ह्याला मराठीत शब्द कोणता, असे एका मुलाने विचारले. मला सांगता आला नाही.

४

इथवर वाचून कुणाला वाटेल की, मास्तरांनी लोकलची आरतीच सुरू केली. तसे नाही. डब्याला गोकुळ म्हणणे हे त्याला वारूळ म्हणण्याइतकेच खोटे आहे.

जी माणसे कंपूतल्या मित्राला उठून जागा देतात, तीच परक्याला दम देतात. विरार गाडीत बोरिवलीला उतरणारा चढला तर त्याला उतरू न देण्याचा पराक्रम करणारे कंपू आहेत. रोजच्या हक्काने बाकावर रुमाल टाकून जागा अडविणारे आहेत. बायकांना स्वतंत्र डबा लागतो, हीच मुळी उरलेल्या डब्यांवरची टीका आहे. पहिल्या वर्गात, तिथे पैसे अधिक आणि शिक्षणही बहुधा अधिक, चौथी सीट सहसा नसते; तिथे तीन म्हणजे तीन. आणि ‘जात कुणी विचारीत नाही’ असे मी वर म्हटले, त्यालाही इतिहासाची दुसरी बाजू आहे.

डॉ. आंबेडकरांनी आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली ती लहान मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. अंगात चांगले कपडे, त्यामुळे स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. मुलांनी निष्पापपणे जात सांगितली, आणि त्याचा चेहरा पालटला. एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही अशा अटीवर की बैलगाडी मुलांनी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. ह्या प्रसंगाचा मी जेव्हा जेव्हा विचार करतो तेव्हा एक गोष्ट मनात ठसते. आगगाडीच्या तिकिटाने त्या मुलांची जात विचारली नव्हती, फलाटाने विचारली. म्हणजे सार्वजनिक गाडी आपोआप माणसाला समान करीत नाही. ती समानतेची फक्त शक्यता उघडते. पुढचे काम बाकावर बसलेल्यांनी करायचे असते.

ह्या दुहेरी दृष्टीचा आदर्श आपल्याकडे फार पूर्वीच होऊन गेला आहे. १९१७ साली गांधीजींची रेल्वेच्या तिसऱ्या वर्गावरची छोटी पुस्तिका निघाली. मुंबईहून मेलगाडीने मद्रासला जाताना तिकिटाला किती पडले, तेही त्यांनी लिहून ठेवले आहे: १३ रुपये ९ आणे. डब्यातली कोंबाकोंब आणि घाण ह्यांसाठी त्यांनी रेल्वे कंपनीला धारेवर धरले. पण त्याच लेखणीने उतारूंच्या सवयींचीही गय केली नाही, आणि शिकलेल्या लोकांनी तिसऱ्या वर्गात बसून सुधारणा करावी असे सुचविले. मला ती पुस्तिका राजकारणाइतकीच समीक्षेची वाटते. जागा देणाऱ्याचा दोष आणि जागा वापरणाऱ्याचा दोष, दोन्ही एका तागडीत तोलणारी.

ही तागडी आज आपल्या हातून निसटली आहे, आणि तिच्या जागी एक गोंडस शब्द आला आहे: ‘मुंबईचे स्पिरिट’. २६ जुलै २००५ च्या पुरात लोकांनी अडकलेल्या उतारूंना पाणी-बिस्किटे दिली. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले, जवळजवळ दोनशे माणसे गेली. तेव्हा रुळांलगतच्या झोपड्यांतली माणसे घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्या चादरींतून जखमींना उचलून नेले. ह्या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांच्यापुढे मान लववावी अशाच आहेत. पण त्यांचे कौतुक करणाऱ्यांनी त्या चादरीकडे पाहून एक प्रश्न विचारायला हवा होता: इथे स्ट्रेचर का नव्हते? २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. डब्यांना तोरणे बांधण्याचा तोच दिवस. माणसांनी आपल्याकडून गाडीची पूजा केली. त्यांच्यासाठी पुरेसा रुंद पूल मात्र कुणी बांधला नव्हता. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले उतारू खाली पडले आणि त्यात काहींचा जीव गेला. अलीकडच्या वर्षांतही मुंबईच्या उपनगरी रुळांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. चौथ्या माणसाला जागा देण्याची रीत लोकांनी घालून दिली, म्हणून पाचव्याने दाराला लोंबकळावे, असा त्याचा अर्थ कारभाऱ्यांनी लावला.

इथे साहित्याचा संबंध येतो. गर्दीला मुंग्या म्हणण्याची सवय फक्त कवींना लागलेली नसते. ज्या समाजाच्या कल्पनेत उतारू हा चेहरा नसलेला ठिपका असतो, त्या समाजाच्या नकाशातही तो ठिपकाच राहतो. किती ठिपके एका पुलावरून जातील ह्याचे गणित होते. त्यातल्या एखाद्या ठिपक्याच्या हातात दसऱ्याची फुले असतील, हे गणितात येत नाही. ते आणण्याचे काम कथेचे होते.

५

माझ्यावर एक आक्षेप येईल, आणि कादंबरी लिहिणारा म्हणून मीच तो घेतो. गाडीतल्या नात्याला कथानक नसते. ते कल्याणला सुरू होते आणि दादरला संपते. तिथे माणसांना नावेही नसतात. ‘मुलुंडवाले’, ‘ठाण्याचे काका’, ‘ती चष्म्याची बाई’. एक दिवस ठाण्याचे काका दिसेनासे होतात. निवृत्त झाले की आजारी पडले की वारले, कळायला मार्ग नसतो. अशा धाग्यांतून कादंबरी विणायची कशी?

आक्षेप खरा आहे. आणि त्यातच आपल्या साहित्याची मर्यादा उघडी पडते. आमच्या कादंबरीला दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक आहेत: एक कुटुंब आणि दुसरा कुटुंबापासून तुटलेला एकटा माणूस. चाळ तिला जमली, कारण चाळ हे पसरलेले कुटुंबच होते. एकाकी नायक जमला, कारण तो कुटुंबाची उलटी बाजू आहे. पण ह्या दोहोंच्या मध्ये एक तिसरे नाते असते. ते रक्ताचे नाही, मैत्रीचे नाही, स्वार्थाचेही पुरते नाही. ज्याचे नाव मला माहीत नाही आणि जो उद्या भेटेलच असे नाही, त्याच्यासाठी मी चार बोटे सरकतो; एवढेच ते नाते. शहर उभे असते ते ह्या नात्यावर. नागरिक हा शब्द आम्ही पाठ्यपुस्तकात ठेवला. त्याची गोष्ट लिहिली नाही.

आणि ही दृष्टी आपल्याला परकी आहे असेही नव्हे. वारीत काय असते? एकमेकांची नावे माहीत नसलेली माणसे एकमेकांना माउली म्हणत चालतात. दिंडीला क्रम असतो, शिस्त असते, मुक्काम ठरलेले असतात. लोकलमधले भजनी मंडळ हे त्या वाटेचेच शहरी रूप आहे. इरावती कर्वे ह्यांनी ‘वाटचाल’ ह्या लेखात वारीचा जो अनुभव लिहिला आहे, तो मला ह्या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवतो. त्या फलाटावर उभ्या राहिल्या नाहीत. दिंडीत शिरल्या, चालल्या. ज्या देशाचे लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, हा त्यांना उमगलेला अर्थ त्या चालण्यातून आला. पण त्याच लेखात त्यांनी हेही नोंदले की, एका दिंडीत चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायका जेवायला मात्र वेगवेगळ्या बसतात, आणि त्याचे दुःख त्यांनी लपविले नाही. आनंद आणि भेग दोन्ही एकाच नजरेत. लोकलच्या डब्याला असा लेखक अजून भेटायचा आहे. भेटला तर तो बहुधा बायकांच्या डब्यातून येईल, असे मला आपले वाटते. कारण तिथे बोलणे अधिक आहे आणि ऐकणेही.

ह्या कामाला उशीर करून चालणार नाही. गाड्या बदलत आहेत. २५ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत पहिली वातानुकूलित लोकल धावली. तिची दारे आपोआप बंद होतात. ती व्हायलाच हवीत. दारातल्या वाऱ्याची कविता करणाऱ्याने आधी दारातून पडलेल्याच्या घरी जाऊन यावे. भुयारातून मेट्रो धावू लागली आहे. तिची बैठक वेगळी, तिथे तिघांत चौथा बसण्याचा बाकच नाही. प्रत्येकाच्या कानात यंत्र आहे आणि डोळे हातातल्या काचेवर आहेत. ह्यात कुणाचा अपराध नाही. रीत ही बाकाबरोबर जन्मते आणि बाकाबरोबर जाते. उद्याच्या गाडीत नवी रीत जन्मेल. पण जुनी कशी होती हे कुणी लिहून ठेवले असेल तर नवीला निदान एक वळण मिळेल. नाहीतर नातवंडे विचारतील, ‘आजोबा, एवढ्या गर्दीत तुम्ही रोज जात होता, मग एकमेकांना मारीत का नव्हता?’ आणि आपल्यापाशी दाखवायला एकही पुस्तक नसेल.

दिवाळीचे अंक घराघरांत वाचले जातात तसे गाडीतही वाचले जातात. एकाने विकत घ्यावा आणि सहा जणांनी वाचावा, हीही डब्याचीच रीत. हा अंक हाती घेऊन कुणी उतारू बाकावर बसला असेल तर त्याला एवढीच विनंती आहे की, पुढच्या स्टेशनात कुणी ‘जरा सरका’ म्हणाले म्हणजे त्याने सरकावे, हे काही मी सांगायला नको, तो सरकेलच. सरकल्यावर क्षणभर त्या चौथ्या माणसाकडे पाहावे. आपल्या साहित्यात त्याला अजून बसायला जागा मिळायची आहे.